वाचकांचे प्रश्न : मिग-२१ची रूपे आणि आजची हवाई लढाई

चंडीगड येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने भारतीय हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाली. १९६३ साली याच चंडीगडला हवाई दलाची २८ क्रमांकाची स्क्वाड्रन ही विमाने घेऊन उभी राहिली होती. बासष्ट वर्षांच्या या सेवेनंतर मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून या विमानाविषयी पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या शिवारावरून सकाळच्या वेळी दोन-दोन, कधी चार लढाऊ विमाने ओळीने जातात. गावात सगळे त्यांना ‘मिग’ म्हणतात. ती मिग-२१ आहेत का, आणि आता ती दिसणे बंद होणार का? — एक शेतकरी वाचक, उदगीर

आपल्याकडे दिसणारी विमाने बहुधा बिदरच्या हवाई तळावरील ‘हॉक’ ही प्रशिक्षण विमाने आहेत, त्यामुळे ती यापुढेही दिसत राहतील. उदगीर, देवणी, निलंगा आणि देगलूर हा सगळा पट्टा बिदरला लागून आहे. लढाऊ विमाने चालवू पाहणाऱ्या तरुण वैमानिकांचे प्रगत प्रशिक्षण तेथे होते, आणि सूर्यकिरण हे हवाई कसरतींचे पथकही तेथेच असते. ओळख पटवायची असेल तर विमानाच्या नाकाकडे पाहावे. हॉकचे नाक बंद आणि निमुळते असते व हवा आत घेणारी तोंडे कॉकपिटच्या मागे, दोन्ही बाजूंना असतात. मिग-२१चे नाक मात्र उघडे असते आणि त्या उघड्या तोंडातून एक शंकू बाहेर डोकावत असतो. हा शंकू वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्रश्न : एफ-१३, एफएल, एम, बिस, बायसन अशी नावे वाचून गोंधळ उडतो. हे एकच विमान आहे की पाच वेगवेगळी विमाने? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी

सांगाडा एकच, पण त्यावर चढत गेलेली कामे वेगवेगळी, असे याचे थोडक्यात उत्तर आहे. तरीही हा प्रश्न थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

सोव्हिएत संघात १९५०च्या दशकात मिकोयान आणि गुरेविच यांच्या संरचना कार्यालयाने हे विमान आखले, तेव्हा त्याच्यासमोर एकच काम होते. शत्रूचे बॉम्बफेकी विमान उंचावरून येत असल्याचे जमिनीवरच्या रडारला कळले की झटकन उड्डाण करायचे, ध्वनीच्या दुप्पट वेगाने त्याच्यापर्यंत पोहोचायचे, ते पाडायचे आणि परत यायचे. त्यासाठी शरीर बारीक ठेवले, पंख लहान आणि त्रिकोणी ठेवले आणि इंधन मोजकेच दिले. पंखांचा विस्तार अवघा ७.१५ मीटर आहे. आपल्या हवाई दलात दाखल झालेली पहिली मिग-२१ ही ‘एफ-१३’ या प्रकारची होती. तिचे सामान्य उड्डाणवजन साडेसात टनांच्या आतले होते, तिच्यात एक ३० मिलिमीटरची तोफ होती आणि उष्णतेचा माग काढणारी दोन के-१३ क्षेपणास्त्रे तिला लावता येत. के-१३ची कूळकथा सांगण्यासारखी आहे. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवरील चकमकीत एक अमेरिकी साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिग-१७मध्ये न फुटता अडकून राहिले. ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती पडले आणि त्याच्या अभ्यासातून के-१३ घडले.

पुढच्या ‘पीएफ’ प्रकारात नाकातल्या शंकूत मोठे रडार बसवले गेले, म्हणजे रात्री आणि ढगाळ हवेतही लक्ष्य शोधता येऊ लागले. त्याच्या बदल्यात तोफ काढून टाकली गेली, कारण क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेची गरज उरलेली नाही असा त्या काळच्या जाणकारांचा समज होता. भारतासाठी याच घराण्यातील ‘एफएल’ हा प्रकार निवडला गेला. हवाई दलात त्याला ‘टाइप ७७’ म्हणत. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची बांधणी सुरू झाली, इंजिने ओडिशातील कोरापुटला होऊ लागली आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. देशात ध्वनीपेक्षा वेगवान विमान बांधण्याचा हा पहिला अनुभव होता आणि पुढे ओझरहून निघालेल्या मिग-२१ची संख्या काही शेकड्यांत गेली.

तोफ काढण्याचा निर्णय किती महागात पडणारा होता, ते १९६५च्या सप्टेंबरमध्येच कळले. २८ स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर वॉलन यांनी एका पाकिस्तानी सेबर विमानाचा पाठलाग करून दोन्ही क्षेपणास्त्रे डागली. लक्ष्य जमिनीलगत होते आणि त्या काळच्या उष्णताशोधकाला तापलेली जमीन व विमानाचे इंजिन यांतला फरक नीट कळत नसे. दोन्ही क्षेपणास्त्रे चुकली, आणि समोर शत्रू असूनही डागण्यासारखे विमानात काहीच उरले नाही. या अनुभवानंतर एफएलच्या पोटाखाली ‘जीपी-९’ हा २३ मिलिमीटर तोफेचा संच टांगण्याची सोय झाली. १९७१च्या युद्धात १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते याच तोफेच्या जोरावर. त्यानंतरच्या ‘एम’ प्रकारात तोफ पुन्हा विमानाच्या अंगातच आली.

एम आणि त्यामागून आलेला ‘बिस’ हे प्रकार पाहिले की पाठीवरचा फुगवटा वाढत गेलेला दिसतो. तेथे इंधन आणि उपकरणे आहेत. बिसचे सामान्य उड्डाणवजन पावणेनऊ टनांच्या घरात गेले. मात्र त्याला मिळालेले आर-२५ हे इंजिन आफ्टरबर्नरसह (जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) सुमारे सात टनांचा रेटा देत असल्याने विमान जड होऊनही चढाईत मागे पडले नाही. ज्या विमानाची आखणी उंचावरच्या अडवणुकीसाठी झाली, त्याच्याकडून आपण जमिनीवरील माऱ्याचेही काम घेतले, आणि १९७१मध्ये ते काम त्याने विलक्षण अचूकतेने केले. ढाक्याजवळील तेजगावची धावपट्टी ५०० किलोंच्या बॉम्बनी उखडून त्याने तेथील सेबर विमाने जमिनीला खिळवून ठेवली. १४ डिसेंबरला ढाक्यातील पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर हाउसमध्ये बैठक होणार असल्याचा संदेश हाती लागताच गुवाहाटीहून निघालेल्या विंग कमांडर बिश्नोई यांच्या तुकडीने ढाक्याच्या पर्यटक नकाशावरून ती इमारत शोधली आणि तिच्या छतावर रॉकेटांचा मारा केला. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

‘बायसन’ हा शेवटचा अवतार नव्या बांधणीचा नव्हता. जुनी बिस विमाने ओझरला उघडून त्यांत नवे ‘कोप्यो’ रडार, इशारा यंत्रणा, वैमानिकाच्या शिरस्त्राणात बसवलेला नेमयंत्राचा संच आणि नवी क्षेपणास्त्रे घालण्यात आली. अशी सव्वाशेच्या आसपास विमाने या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाली. म्हणजे एफ-१३ आणि बायसन यांचे बाह्यरूप एका घराण्याचे असले, तरी लढण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे.

प्रश्न : बायसनकडे आर-७७ सारखे दूर पल्ल्याचे क्षेपणास्त्र होते. मग आजच्या हवाई लढाईत ते निरुपयोगी का ठरवले गेले? वैमानिक चांगला असेल तर जुने विमानही जिंकू शकत नाही का? — सैन्यभरतीपूर्व प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आपण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करीत असल्याचे पत्रात लिहिले आहे, म्हणून हे उत्तर थोडे तांत्रिक करतो.

बायसन निरुपयोगी होते हे विधान मला मान्य नाही. फेब्रुवारी २००४मध्ये ग्वाल्हेर येथे अमेरिकी हवाई दलाबरोबर झालेल्या सरावात एफ-१५ चालवणाऱ्या वैमानिकांना बायसनने चकित केले होते. त्याची कारणे स्पष्ट आहेत. विमान लहान आणि सडपातळ असल्यामुळे समोरून येताना ते रडारवर आणि डोळ्यांनाही उशिरा दिसते. जवळच्या माऱ्याचे आर-७३ क्षेपणास्त्र व शिरस्त्राणातील नेमयंत्र यांच्या जोडीमुळे वैमानिकाने मान वळवून पाहिले की तिकडे क्षेपणास्त्राची नजर लागते, त्यासाठी विमानाचे नाक लक्ष्यावर आणावे लागत नाही. अर्थात त्या सरावात दूर पल्ल्याच्या माऱ्यावर अमेरिकी बाजूने मर्यादा घालून घेतल्या होत्या, आणि त्या सरावावरून प्रत्यक्ष युद्धाचा निकाल काढणे चुकीचे ठरेल. जवळच्या झटापटीत बायसन धोकादायक होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

अडचण जवळ येण्याआधीच्या टप्प्यात आहे. आजची लढाई बहुतेक वेळा डोळ्यांना काही दिसण्यापूर्वीच ठरते, आणि ज्याला आधी दिसते तो आधी मारा करतो. येथे मिग-२१चे नाक आडवे येते. ध्वनीपेक्षा वेगाने येणारी हवा इंजिनात तशीच शिरू देता येत नाही. शंकूच्या टोकाशी आघाततरंग (दबलेल्या हवेच्या तीव्र लाटा) तयार होतात, त्यांतून हवेचा वेग कमी होतो आणि मग ती इंजिनाला मिळते. वेगानुसार हा शंकू पुढेमागे सरकतो. व्यवस्था अत्यंत कल्पक आहे, पण रडारही त्याच शंकूच्या पोटात बसवावे लागले. घराला एकच दार, आणि पहारेकऱ्यालाही त्याच दारात जागा, अशी ही स्थिती आहे: पहारेकरी थोराड ठेवावा तर दार अडते. शंकू फार जाड केला तर इंजिनाला हवा कमी पडते, म्हणून रडारची अँटेना लहानच ठेवावी लागते.

लहान अँटेनेची किंमत आकड्यांत पाहा. रडारची प्रक्षेपणशक्ती दुप्पट केली, तर त्याचा पल्ला जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो, कारण पल्ला हा शक्तीच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात बदलतो. तरंगलांबी तीच ठेवून अँटेनाचा व्यास दुप्पट केला, तर पल्ला दुप्पट होतो. म्हणून आत कितीही नवी उपकरणे घातली, तरी व्यासाची उणीव भरून काढणे अतिशय अवघड जाते. बायसनच्या कोप्यो रडारला समोरचे लढाऊ विमान साधारण ५० ते ६० किलोमीटरवर दिसे; मोठ्या नाकाच्या आधुनिक विमानांना ते त्याच्या कितीतरी आधी दिसते. आर-७७ हाताशी असूनही त्याचा पुरता पल्ला वापरण्याइतकी स्वतःची नजर बायसनला नव्हती.

ही उणीव दुसऱ्याच्या नजरेने भरून काढता येते, हे खरे आहे. हवेतील टेहळणी विमान किंवा जमिनीवरचे रडार लक्ष्य दाखवू शकते. त्यासाठी मात्र सर्व विमानांना जोडणारा, शत्रूला बिघडवता न येणारा संदेशदुवा लागतो, अनेक पडदे लागतात, वीज लागते आणि उपकरणे थंड ठेवण्याची सोय लागते. सहा दशकांपूर्वीच्या बारीक सांगाड्यात या प्रत्येक गोष्टीसाठी जागा शोधावी लागत होती. त्यात इंधन कमी. बाहेरच्या टाक्यांशिवाय विमान पाऊण तासाच्या आसपासच हवेत राहू शकते. दूर पल्ल्याच्या लढाईत ताटकळत राहणे, माघार घेणे आणि पुन्हा चाल करणे हे वारंवार करावे लागते, आणि त्याला इंधन लागतेच.

२७ फेब्रुवारी २०१९च्या चकमकीबद्दलही आपण विचारले आहे. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांनी ५१ स्क्वाड्रनच्या बायसनमधून आपल्यापेक्षा कितीतरी समर्थ पाकिस्तानी विमानांच्या जमावावर चाल केली आणि त्यांचे विमान पडले. त्यांनी एक एफ-१६ पाडल्याचे भारताचे म्हणणे आहे आणि पाकिस्तान ते नाकारतो. त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. माझ्या मते त्या दिवसाने आपल्यासमोर ठेवलेला प्रश्न वैमानिकाच्या कौशल्याचा नव्हता. इतक्या कुशल वैमानिकाला आपण कोणते विमान देत आहोत, हा होता. आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कौशल्याने जुने विमान एखादी झटापट जिंकू शकते, परंतु हवाई दलाने आपली आखणी त्या शक्यतेवर बेतू नये.

प्रश्न : वर्तमानपत्रे मिग-२१ला ‘उडती शवपेटी’ म्हणत आली. माझ्या शाळेतील मुलेही तोच शब्द वापरतात. हे न्याय्य आहे का? — एक शिक्षिका, नांदेड

हा शब्द मला स्वतःला फार खटकतो, कारण त्यामुळे मृत्यूंची कारणे झाकली जातात. अपघात झाले आणि ते फार झाले, हे नाकारता येत नाही. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की निरनिराळ्या मिग प्रकारांच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने गमावली गेली होती आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

कारणे पाहू लागलो की दोष एकट्या विमानाचा राहत नाही. त्रिकोणी पंख वेगात उत्तम, पण संथ गतीत विमान झपाट्याने खाली येते. म्हणून ते उतरताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो आणि त्या वेळी नाक वर असल्याने समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. दोन आसनांच्या प्रशिक्षण आवृत्तीत मागे बसणाऱ्या प्रशिक्षकासाठी पेरिस्कोप बसवावा लागला, यावरून अडचण किती होती हे कळते. इंजिन एकच, आणि हवेचे तोंड थेट समोर असल्याने पक्षी आत गेला तर सावरायला वाव नाही.

अशा विमानावर आपण कोणाला बसवत होतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. किरणसारख्या संथ, सौम्य जेट विमानावरून वैमानिक जवळजवळ थेट मिग-२१वर जात. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस लढाऊ विमानांच्या अपघातांचा विचार करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ साली केली होती. हॉक विमानांचा करार २००४ साली झाला आणि बिदरला ती २००८मध्ये रुजू झाली. शिफारशीपासून विमान हाती येईपर्यंत पाव शतक गेले, आणि त्या काळात प्रशिक्षणात गेलेल्या तरुणांचा हिशेब विमानाच्या नावावर मांडला गेला. १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यानंतर सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला, तो ताण वेगळाच.

तुलनेसाठी पश्चिम जर्मनीचे उदाहरण पाहावे. मिग-२१च्याच पिढीतील एफ-१०४ स्टारफायटर त्यांनी ९१६ घेतली आणि २९२ गमावली. ध्वनीच्या दुप्पट वेगाची ती पहिली पिढी सर्वत्रच निर्दय होती. तेव्हा वर्गात ‘शवपेटी’ हा शब्द आला, तर मुलांना एवढेच विचारावे की विमान १९६३चे असताना ते २०२५पर्यंत कोणत्या निर्णयांमुळे उडत राहिले. त्याचे उत्तर शोधताना ती बरेच शिकतील.

प्रश्न : जुलै २०२५मध्ये ढाक्याला शाळेवर कोसळलेले बांगलादेशचे एफ-७ विमान म्हणजे मिग-२१च का? — एक वाचक, बीड

मूळ वंश तोच, परंतु बांधणी चिनी. चीनने १९६०च्या दशकात मिग-२१ एफ-१३वरून ‘जे-७’ हे विमान उभे केले आणि निर्यातीसाठी त्याला ‘एफ-७’ असे नाव दिले. तेथे त्याची बांधणी २०१३पर्यंत चालली, म्हणजे सोव्हिएत संघात मूळ विमानाची बांधणी थांबल्यानंतर कितीतरी वर्षे. पुढच्या चिनी आवृत्त्यांत पंखाच्या कडेला मध्येच वळण देऊन तो दुहेरी त्रिकोणी केला गेला, त्यामुळे संथ गतीतील वागणूक सुधारली. पाकिस्ताननेही ही विमाने दीर्घकाळ वापरली. नाकातल्या शंकूची मर्यादा मात्र त्या सगळ्यांना लागू आहे.

प्रश्न : मिग-२१ गेल्याने पडलेली पोकळी कशी भरणार? नाशिकचा कारखाना आता काय करणार? — एक वाचक, जालना

पोकळी खरीच आहे आणि ती लवकर भरणारी नाही. मिग-२१च्या शेवटच्या स्क्वाड्रन गेल्यावर हवाई दलाकडील लढाऊ स्क्वाड्रनची संख्या २९वर आली, आणि मंजूर संख्या ४२ आहे. मिग-२१ची जागा मुख्यतः तेजस हे देशी लढाऊ विमान घेणार आहे. तेजस मार्क-१ए या प्रकाराच्या ८३ विमानांची मागणी २०२१मध्ये नोंदवली गेली आणि मिग-२१च्या निरोपाच्या आदल्या दिवशी आणखी ९७ विमानांचा करार झाला. परदेशी इंजिनांचा पुरवठा लांबल्याने आधीच्या मागणीतील विमानांना उशीर झाला आहे, त्यामुळे पुढची काही वर्षे हवाई दलाला हात आखडूनच काम करावे लागेल.

ओझरच्या कारखान्याला मात्र काम मिळाले आहे. तेथे तेजसची तिसरी बांधणीरांग सुरू झाली असून नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या मार्क-१एने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. आपल्या पत्रात मिग-२१ आणि तेजस दोन्ही ‘लहान, एका इंजिनाची, त्रिकोणी पंखांची’ असल्याने फरक काय, असेही विचारले आहे. तेजसमध्ये हवा घेणारी तोंडे दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून संपूर्ण नाक रडारला मोकळे मिळाले. मार्क-१एमध्ये तेथे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण वळवणारे रडार आहे, आणि दूर पल्ल्याचे ‘अस्त्र’ हे देशी क्षेपणास्त्र त्याच्या जोडीला दिले जात आहे.